मातीला पोहोचेपर्यंत

मुंबई ते केप टाऊन, विमानतळ ते विमानतळ, सरळ अंतर साधारण ८,२३० किलोमीटर आहे. मोठं प्रवासी विमान ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरने जातं असं धरलं, तर वाटेत कुठे न उतरता ते साडेनऊ तासांत पोहोचायला हवं. दोन्हीकडच्या वेळेत साडेतीन तासांचा फरक. आपल्याकडे दुपारचा एक वाजतो तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ. ही आकडेवारी आमच्या घरातलं शाळकरी पोरही न अडखळता सांगेल. चिपळूणजवळच्या आमच्या घरात ओटीच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक आपलं आणि एक केप टाऊनचं. दुसऱ्याचा सेल संपला की अम्मी त्याच दिवशी नवा आणायला लावते. आपलं घड्याळ मात्र चार-चार दिवस बंद राहिलं तरी तिला चालतं, कारण आपली वेळ तिला अजानवरून कळते.

कोकणातल्या आपल्या बहुतेक घरांत असं एखादं दुसरं घड्याळ चालू असतं. कुणाचं कुवेतचं, कुणाचं जेद्दाचं, कुणाचं दोहाचं. आमचं जरा लांबचं, एवढंच.

हे ८,२३० किलोमीटर कुणी पट्टी लावून मोजलेले नाहीत. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर ती फसवते. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधली सगळ्यांत जवळची वाट म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की गोलाच्या त्रिकोणमितीने तो काढता येतो. हे गणित विमानाच्या फार आधीचं आहे. अल्-बिरूनीने १०२५ साली गझनीत पूर्ण केलेला ‘तहदीद’ हा ग्रंथ शहरांची स्थानं आणि त्यांच्यातली अंतरं अचूक ठरवण्यासाठीच लिहिला होता. त्याला गझनीहून किब्ल्याची दिशा बिनचूक हवी होती, आणि त्यासाठी गझनी ते मक्का या वाटेवरची शहरं एकेक करून नेमकी कुठे आहेत ते ठरवणं भाग होतं. आज फोनवर बोट टेकवलं की अंतर येतं. त्यामागचं गणित त्याच घराण्यातलं.

याच गणितातून एक गंमत निघते. मुंबईपासून केप टाऊनपर्यंत ही वर्तुळाची वाट आखली तर जोहान्सबर्ग जवळजवळ तिच्यावरच येतं. मुंबई ते जोहान्सबर्ग सुमारे ६,९६० किलोमीटर आणि तिथून केप टाऊन आणखी १,२७०. बेरीज करून पाहा, वाट जराही वाकडी होत नाही. दुबईवरून गेलं तर हेच अंतर साडेनऊ हजारांच्या वर जातं, दोहावरून पावणेदहा हजारांच्या आसपास, आणि अदीस अबाबावरून नऊ हजारांच्या थोडं पुढे. कुठून जायचं हे आपण ठरवत नाही. कुठलं विमान मिळतं त्यावर ते ठरतं.

एरवी या हजार-बाराशे किलोमीटरच्या फरकाचं कुणाला काय? सुट्टीला जाणारा माणूस दुबईत दोन तास जास्त बसेल, पोरांसाठी खजूर आणि चॉकलेट घेईल. हे तास टोचायला लागतात ते घरात मय्यत झाल्यावर. आपल्याकडे मय्यत ठेवत नाहीत. सकाळी माणूस गेला तर जोहरला किंवा असरला माती. रात्री गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बर्फाच्या लाद्या, शवागार, ‘नातेवाईक येईपर्यंत थांबू’ हे आपल्या रीतीत बसत नाही. गुस्ल, कफन, नमाज, दफन. घाई करा असंच सांगितलेलं आहे. त्यामुळे परदेशी असलेल्या माणसाला आपल्या घरापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये कळून उपयोग नसतो. त्याचा सवाल एकच असतो: मातीला पोहोचेन का?

आमच्या घराण्यात हा सवाल शंभर वर्षांहून जुना आहे.

आमचे पणजोबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केपला गेले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून त्या काळी माणसं तिकडे गेली. काहींनी फळं विकली, काहींनी छोटी दुकानं घातली. बायका बहुतेकींच्या गावातच राहिल्या. १९१३ च्या कायद्याने नव्या हिंदी माणसांना तिकडची दारं जवळजवळ बंद झाली, मात्र आधीपासून स्थायिक असलेल्याला आपलं अज्ञान मूल नेता येत असे. पणजोबांनी थोरला मुलगा नेला. धाकटा, म्हणजे आमचे दादा, आईजवळ राहिला. एका घराच्या दोन फांद्या झाल्या त्या अशा, एका समुद्राच्या दोन बाजूंना.

तेव्हाचं अंतरही ८,२३० किलोमीटरच होतं. पण गावातून खाडीने मचव्यातून दाभोळ, दाभोळहून आगबोटीने मुंबई, मुंबईहून मोठ्या बोटीने आफ्रिकेच्या किनाऱ्या-किनाऱ्याने बंदरं घेत दर्बान, आणि तिथून रेल्वेने केप. महिना सहज मोडायचा. पुढच्या काळातल्या ‘करंजा’ आणि ‘कंपाला’ या बोटींची नावं आमच्या लहानपणीही घरात घेतली जात. करंजा हे उरणजवळच्या बंदराचं नाव, त्यामुळे ती बोट आपल्याच कुणीतरी बांधली असावी असं आम्हांला वाटे. ती होती इंग्रज कंपनीची.

पणजोबा १९३७ साली केप टाऊनमध्ये वारले. तारेला पैसे पडत आणि तार गावापर्यंत येतही नसे. थोरल्या मुलाने पत्र टाकलं. ते मुंबईला आलं, तिथे गाववाल्यांच्या खोलीवर कुणाच्या तरी हाती लागलं आणि आगबोटीने दाभोळला पोहोचलं. पत्र मशिदीच्या इमामांनी वाचून दाखवलं. पणजीने ओरडून रडण्याच्या आधी एकच विचारलं म्हणतात: तारीख काय लिहिलीय? इमामसाहेबांनी तारीख सांगितली आणि बोटांवर हिशेब केला. इद्दत नवरा वारल्या दिवसापासून मोजतात, खबर कळल्यापासून नाही. चार महिने दहा दिवसांतले जवळजवळ दीड महिना उलटून गेले होते. पणजी त्या दीड महिन्यात शेजारच्या लग्नात गेली होती, हिरव्या बांगड्या भरून आली होती. राहिलेले दिवस तिने घरात बसून काढले. हे आम्हांला दादांनी सांगितलं. ते सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. आगबोट कधी लागते आणि कधी सुटते हे सांगावं तसं सांगायचे.

मग विमानं आली. पण आमच्यासाठी आली नाहीत. १९४६ मध्ये हिंदुस्थान सरकारने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, पुढे संबंधही तुटले, आणि आपल्या पासपोर्टवर ‘दक्षिण आफ्रिका सोडून’ अशा अर्थाची ओळ आली. तिकडच्या गोऱ्या सरकारच्या वर्णभेदाविरुद्ध घेतलेला तो निर्णय होता आणि तो योग्यच होता. आमच्या तिकडच्या फांदीलाही तो योग्य वाटायचा. १९६६ साली डिस्ट्रिक्ट सिक्स ‘फक्त गोऱ्यांसाठी’ जाहीर झालं, तेव्हा त्यांचं दुकान आणि वरची माडी दोन्ही गेलं आणि हिंदी लोकांसाठी आखून दिलेल्या रायलँड्स भागात त्यांना नव्याने मांड मांडावी लागली. बरोबर गोष्टीचीही किंमत कुणीतरी देतच असतं. दादांनी ती दिली. १९७९ मध्ये त्यांचे थोरले भाऊ तिकडे गेले. या वेळी खबर दुसऱ्या दिवशी आली, कारण मुंबईत एका नातेवाइकाकडे फोन होता. दादांजवळ थोडे पैसेही होते. त्यांनी पासपोर्ट काढून ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि तो परत पेटीत ठेवला.

त्या काळात दक्षिण आफ्रिकेच्या विमानांचीही वाट वाकडीच होती. १९६३ पासून आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी त्यांना आपल्या आकाशातून जाऊ देणं बंद केलं. युरोपला जायला त्यांना अख्ख्या खंडाला पश्चिमेकडून वळसा घालून अटलांटिकमधल्या एका बेटावर तेल भरायला उतरावं लागे. आकाशात रेषा नसतात असं कवी म्हणतात. वैमानिकाला विचारून पाहावं.

१९९३ च्या नोव्हेंबरात दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले आणि मुंबई-जोहान्सबर्ग थेट विमान उडू लागलं. १९९८ मध्ये अब्बा गेले. आमच्या घरातून तिकडे जाणारा पणजोबांनंतरचा हा पहिला माणूस. आठ-नऊ तासांत जोहान्सबर्ग, दोन तासांत केप टाऊन. अब्बांचा विश्वासच बसेना. तिथून फोन करून ते म्हणाले, “अरे, इथे यायला लागला त्यापेक्षा गावाहून मुंबईला यायला फार कमी नाही लागला.”

आल्यावर त्यांनी कबरस्तानाची गोष्ट सांगितली. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला. त्यामुळे आपल्या कबरी उत्तर-दक्षिण असतात आणि मय्यतीचं तोंड पश्चिमेला. केप टाऊन पार खाली दक्षिणेला आहे. तिथून मक्का उत्तरेकडे, जरा पूर्वेला. तिथल्या कबरी अब्बांना आडव्या दिसल्या, आणि आत झोपलेल्यांची तोंडं उत्तरेला. आजोबांच्या कबरीवर फातिहा पढून झाल्यावर ते बराच वेळ दिशा मोजत उभे राहिले होते. पणजी गावच्या कबरस्तानात पश्चिमेला तोंड करून झोपलेली, पणजोबा इथे उत्तरेला. “पण बघतायत एकाच जागी,” अब्बा म्हणाले. मग चहा मागितला.

त्या थेट विमानाच्या भरवशावर आमच्या आपाचं लग्न तिकडे ठरलं. तिकडच्या फांदीतल्याच एका मुलाशी. अम्मीची समजूत घालताना सगळे एकच वाक्य म्हणत होते: एका रात्रीचा तर प्रवास आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी कंपनीचं ते मुंबईचं विमान २०१५ साली बंद झालं. तोट्यात जात होतं. कंपनीच्या हिशेबात ते एक कलम होतं. अम्मीच्या हिशेबात मुलगी अचानक सात-आठ तास लांब गेली.

२०१७ च्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी, पहाटे साडेचारला, फजरच्या अजानच्या थोडं आधी अब्बा गेले. आम्ही दोघं भाऊ गावात होतो. एक भाऊ कुवेतला, आपा केप टाऊनला, चुलतभाऊ मुंब्र्याला. तिघांना फोन केले. केप टाऊनच्या घड्याळात रात्रीचा एक वाजला होता. आपाने फोन उचलला आणि आमचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत म्हणाली, “मी निघते. थांबाल ना?”

त्या सकाळी ओटीवर बसून आम्ही जो हिशेब केला तो इथे मांडतो. कारण आपल्यापैकी कितीतरी घरांनी तो केला असेल, फक्त कागदावर उतरवला नसेल. केप टाऊनहून दुबईचं संध्याकाळचं विमान, साडेनऊ तास. दुबईत पहाट. पुढचं विमान मिळेपर्यंत तीन-साडेतीन तास. दुबई ते मुंबई तीन तास. येताना वारा पाठीशी असतो म्हणून जातानापेक्षा पंधरा-वीस मिनिटं कमीच. मुंबईत उतरेपर्यंत बुधवारची दुपार, दोन वाजलेले. इमिग्रेशन, सामान, गाडी, साडेतीन. मग मुंबई-गोवा महामार्ग. अडीचशे किलोमीटर. हा रस्ता रुंद करायचं काम २०११ पासून चाललेलं, आणि तेव्हा पनवेल ते कशेडी घाट म्हणजे खड्डे आणि डायव्हर्शन. सात तास. घरी पोहोचायला रात्रीचे साडेदहा-अकरा. सगळं सुरळीत जमलं तरी बेचाळीस तासांच्या वर. त्यांतले विमान हवेत असणार ते फक्त साडेबारा. बाकीचे तीस तास जमिनीवरचे: विमानाची वाट बघण्याचे, रांगांचे, खड्ड्यांचे.

कुवेतचा हिशेब वेगळा निघेल असं वाटलं होतं. २,७५० किलोमीटर, चार तास. भावाला मालकाकडून पासपोर्ट सोडवून घ्यायला सकाळ गेली. दुपारचं विमान मिळालं. मुंबईत रात्र, गावात पहाट. म्हणजे तिप्पट लांबची बहीण आणि तिच्या एक तृतीयांशावरचा भाऊ, मातीच्या हिशेबात दोघंही सारखेच लांब निघाले. मुंब्र्याचा चुलतभाऊ फजर पढून निघाला आणि असरच्या जमातीला दहा मिनिटं असताना पोहोचला. शेवटच्या सफमध्ये उभा राहिला. मुसाफिराला नमाज कसर करायची सवलत साधारण ऐंशी किलोमीटरच्या पुढे मिळते. आमच्या रस्त्यावर ऐंशी किलोमीटर कापायलाही अर्धा दिवस जातो, असं तो नंतर म्हणाला.

जमातीचे बुजुर्ग सकाळीच येऊन बसले होते. त्यांनी जबरदस्ती केली नाही. मे महिन्याचं ऊन, जवळ शीतपेटी नाही. त्यांतले एक फक्त म्हणाले, “तुमचे अब्बा दुसऱ्याच्या मय्यतीत काय म्हणायचे, आठवा.” अब्बा नेहमी म्हणायचे, पाहुण्याला दारात ताटकळत ठेवू नये. आम्ही आपाला फोन केला. जोहरऐवजी असरपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही, असं सांगितलं. ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ठीक आहे. पण मी येतेच.”

असरनंतर माती दिली. तीन-तीन मुठी. केप टाऊनच्या घड्याळात तेव्हा दुपारचे दीड-दोन होते आणि आपा घरात बॅग भरत होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे, आणि केप टाऊनचे जुने मलायी मुसलमानही शाफईच. हनफी मसलकात गायबाना जनाजाची नमाज पढत नाहीत; मय्यत समोर असावी लागते. शाफई मसलकात दूर गेलेल्या माणसाची नमाज दूरवर पढता येते. तिचा आधार हबशाच्या बादशहाचा, नजाशीचा. तो आपल्या मुलखात वारला तेव्हा रसूलुल्लाहने मदिन्यात सहाबांच्या सफा लावून चार तकबीर म्हटल्या. मध्ये तांबडा समुद्र होता. मक्केतल्या छळातून निघालेल्या पहिल्या मुसलमानांना ज्याने आसरा दिला, त्याच्यासाठी ही नमाज होती. आपल्यासारख्या परमुलखात विखुरलेल्या जमातीला ही सवलत किती मोठी आहे हे आम्हांला त्या दिवशी कळलं. फिकह हा विषय मदरशात शिकताना कोरडा वाटतो. तो कुणाकुणाच्या गरजेतून उभा राहिलेला आहे हे असा प्रसंग आल्याशिवाय समजत नाही.

रायलँड्सच्या मशिदीत त्याच संध्याकाळी इशानंतर अब्बांची नमाज झाली. मेहुण्यांनी सांगितलं, तीन सफा भरल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकांनी अब्बांना कधी पाहिलंही नव्हतं. आपाचं विमान तोवर उडालं होतं. तिने आपली नमाज जागेवर बसून, विमान ज्या दिशेला जात होतं त्या दिशेला पढली. केप टाऊनहून दुबईकडे निघालेलं विमान उत्तर-ईशान्येला जातं आणि तिथून मक्काही त्याच अंगाला आहे. तिला हे माहीत नव्हतं. नंतर आम्ही गोलावर दोरा लावून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

ती बुधवारी रात्री सव्वाअकराला आली. आमचा हिशेब पाऊण तासाने चुकला, वडखळच्या नाक्यावर ट्रक उलटला होता. अम्मी इद्दतीत बसली होती. दोघी माय-लेकी रात्रभर बसून होत्या आणि अम्मी तिला दिवसाचा एकेक तास सांगत होती: गुस्ल कुणी दिलं, कफनाला अत्तर कुठलं लावलं, खांदा कुणाकुणाचा होता. आपा ऐकत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती, “तेव्हा आमच्याकडे किती वाजले होते?”

मग २०२० आलं. मार्चच्या २३ तारखेपासून आपल्याकडची आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. नेहमीची वेळापत्रकं परत सुरू व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. त्या दोन वर्षांत तिकडच्या फांदीतले दोघं गेले आणि इकडचे तिघं. फोनच्या पडद्यावर आम्ही पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं बघितली. विमानतळ दोन्ही जागच्या जागी होते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांनीच ते पाहिलंय.

आता जमातीच्या व्हॉट्सअॅपवर मय्यतीची खबर पडते तेव्हा दफनाची वेळ दोन घड्याळांत लिहिलेली असते. आधी आपली, खाली ‘केप टाऊन’ म्हणून त्यांची. कुवेतवाले म्हणाले आमचीही लिहा, तर तीन झाल्या. कुणी तसा ठराव केलेला नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आपाचा फोन आला. तो पनवेलच्या बाजूला आहे ना, मग मुंबईची गर्दी टळेल? दुबईचं विमान तिथे उतरलं तर किती वाचेल? आम्ही म्हटलं, तासभर, गर्दी असली तर दीड. महामार्गही आता बराच झालाय, दोन तास तिथले धर. ती तिकडे लिहून घेत होती; पेनाचा आवाज येत होता. फोन स्पीकरवर होता. अम्मी पाटावर बसून तांदूळ निवडत होती. तिचं वय आता चौऱ्याऐंशी. मान वर न करता ती म्हणाली, “किती झाले मग सगळे मिळून?”

आम्ही सांगितलं, अडतीस-एकोणचाळीस.

अम्मीने एक खडा काढून बाजूला ठेवला. “मला जोहरला न्या,” ती म्हणाली. “आणि तिला सांगा, सावकाश ये म्हणावं.”

तिकडून आपा म्हणाली, “अम्मी, मी ऐकतेय.”

“ऐक मग,” अम्मी म्हणाली.